प्रसन्नचं दहावं समस्मरण

प्रसन्न म्हैसाळकरला जाऊन पाच वर्षं झाली होती आणि या पाच वर्षांत त्याच्या स्वभावात बरीच सुधारणा झाली होती.

जिवंत असताना तो कुणाच्या वाढदिवसाला फोन करत नसे. आता करायचा. कुणाच्या पाया पडायची वेळ आली की त्याला नेमका कुणाचा तरी फोन यायचा आणि तो बोलत बोलत अंगणात निघून जायचा. आता तो वाकून, दोन्ही हातांनी नमस्कार करायचा. मुंज असो, बारसं असो, कोपऱ्यातली खुर्ची पकडून तो जमलेल्या प्रत्येकाची नक्कल करायचा, तीही शेजारी बसलेल्या धाकट्या बहिणीपुरत्या आवाजात. हल्ली त्याच समारंभांत तो वाढपाला उभा राहून म्हाताऱ्या माणसांना आग्रह करायला लागला होता. जिवंतपणी पन्नास वर्षांत जे जमलं नाही ते त्यानं मेल्यावर पाचांत करून दाखवलं, आणि हे सगळं कुणाच्या लक्षातही आलं नाही.

हर्षदाच्याही नाही. हर्षदा म्हणजे ती धाकटी बहीण. वय पंचावन्न, सांगलीतल्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची, विश्रामबागेत एकटी राहायची. दोघांत दीड वर्षाचं अंतर. कागदोपत्री बहीणभाऊ, एरवी शाळेपासूनचे मित्र, आणि हर्षदापुरतं बोलायचं तर एकुलता एक मित्र. बाकीचं जग हे त्या दोघांच्या करमणुकीसाठी नेमलेलं आहे अशी तिची समजूत होती. तो गेला तेव्हा लोक तिला म्हणाले, "भाऊ गेला हो तुमचा." तिला वाटलं, भाऊ गेला ते चालवून घेतलं असतं. हसायला बसायची जागा गेली.

तिच्या लक्षात आलं ते ऑगस्टात, पाचव्या पुण्यतिथीनंतर चार दिवसांनी, स्टाफरूममध्ये. रसायनशास्त्राच्या बाईंचा वाढदिवस होता. सगळ्यांच्या पुढ्यात कागदी वाट्यांतून भडंग होतं. हर्षदा सहज म्हणाली, "माझा भाऊ सगळ्यांच्या वाढदिवसाला आवर्जून फोन करायचा. एक चुकवला नाही कधी."

आणि भडंगाचा घास हातातच राहिला.

प्रसन्ननं तिला स्वतःला, तिच्या पन्नासाव्या वाढदिवसाला, तिसऱ्या दिवशी फोन केला होता. तोही स्कूटरची कागदपत्रं कुठे ठेवली आहेत ते विचारायला. हे तिला माहीत होतं, म्हणजे घडल्याचं माहीत होतं. पण आठवत होतं ते दुसरंच: सकाळी आठ वाजता वाजणारा फोन आणि "माझी छकुली पन्नास वर्षांची झाली!" असा भरून आलेला आवाज. प्रसन्ननं 'छकुली' हा शब्द आयुष्यात कुत्र्यालासुद्धा वापरला नव्हता.

ती तास बुडवून घरी गेली, पलंगावर बसली आणि डोळे मिटून तिनं तिची सगळ्यात लाडकी आठवण काढली. काकांचं तेरावं. पंगत. समोर कुंदामावशी. आणि कानाशी प्रसन्न, मावशीच्याच घोगऱ्या आवाजात: "नको गं जिलबी, घास उतरत नाही, गेलेल्याचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही... ती नको, ती मऊ पडलीय, कडेची कुरकुरीत बघून दे." त्यावर तिला इतकं हसू आलं होतं की पदरात तोंड घालून बसावं लागलं आणि लोकांना वाटलं, पोरगी काकाची फार लाडकी होती.

आता आठवण आली. पंगत आली, जिलबी आली, मावशीही आली. प्रसन्न मात्र मावशीच्या पाठीवर हात ठेवून म्हणत होता, "मावशी, दोन घास खा. तुझी तब्येत सांभाळ."

हर्षदानं पुन्हा डोळे मिटले. पुन्हा तब्येत सांभाळ.

* * *

हा प्रताप समस्मरणाचा होता.

आठवण म्हणजे कपाटातला फोटो, पाहिजे तेव्हा काढावा, बघावा आणि जसाच्या तसा परत ठेवावा, असं आपण धरून चालतो. तसं नाही, हे शास्त्रज्ञांना मागच्या शतकाच्या शेवटीच कळलं होतं. आठवण फ्रीजमधल्या तुपासारखी असते. आत आहे तोवर घट्ट. बाहेर काढली की पातळ होते, आणि पुन्हा गोठायला पाचेक तास घेते. गोठताना ज्या भांड्यात असेल त्याचा आकार घेते. म्हणजे तुम्ही एखादी गोष्ट जितक्या वेळा आठवता तितक्या वेळा ती थोडी नव्यानं करता. ज्याला आपण फार लख्ख आठवण म्हणतो ती बहुधा सगळ्यात जास्त वेळा वितळलेली असते.

पुढे एक टोप निघाला. तो घातला की आठवताना मेंदूतल्या कुठल्या पेशी पेटतात ते वाचता यायचं, आणि ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींनी त्याच पेशींना हवं तसं हलकेच पेटवताही यायचं. पहिल्यांदा तो अपघातातून वाचलेल्या लोकांना झोप लागावी म्हणून वापरला. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की एकाच माणसाची आठवण दहा जणांना एकाच वेळी काढायला लावली, सगळ्यांचं तूप एकदम पातळ केलं आणि एकाच भांड्यात ओतलं, तर? "बाबा घर मला देतो म्हणाले होते," "नाही, मला म्हणाले होते," ही भांडणं संपतील. संपलीही. कोर्टांनी कौतुक केलं, समाजशास्त्रज्ञांनी शंका काढल्या, आणि दोन वर्षांत मिरज रोडला 'स्मृतिसंगम' नावाचं केंद्र निघालं. खाली पार्किंग, वर वातानुकूलित हॉल, बारा खुर्च्या, बारा टोप.

सत्रं दोन दिवशीच ठेवायची: गेलेल्याच्या वाढदिवसाला आणि पुण्यतिथीला. त्याचं कारण शास्त्रीय होतं. त्या तारखांना आठवण आपली आपण वर आलेली असते, ओढून काढावी लागत नाही. लोकांनाही ते सोयीचं पडलं. श्राद्धाला गुरुजी मिळत नव्हते, टोप मिळत होता.

एकच बारीक गोष्ट होती. यंत्राला खरं-खोटं कळत नसे. त्याला फक्त दोन गोष्टी कळायच्या: किती जणांना तेच आठवतंय, आणि किती जोरानं आठवतंय. आता म्हैसाळकरांसारख्या घरातली माणसं गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलत नाहीत. बोलत नाहीत म्हणून आठवतही नाहीत. टोप घातल्यावर प्रत्येक जण प्रामाणिकपणे डोळे मिटून, प्रसन्न कसा होता हे आठवण्याऐवजी, तो कसा होता असं म्हणणं बरं दिसेल ते आठवायचा. त्यात हेमंतदादानं, म्हणजे त्यांच्या थोरल्या चुलतभावानं, प्रसन्नची निधनवार्ता स्वतः लिहून पेपरात दिली होती: 'प्रेमळ, परोपकारी, आबालवृद्धांत मिळून मिसळून वागणारे.' ती कुटुंबात सगळ्यांनी वाचली होती आणि ती सगळ्यांना चांगली पाठ होती. यंत्रानं इमानदारीनं जुळणी केली. पहिल्या वर्षश्राद्धापासून नऊ सत्रांत त्या निधनवार्तेतून एक अख्खा माणूस तयार झाला.

मग हर्षदा जात का होती? हावरेपणानं. मेलेल्या माणसाचं नवीन काही मिळत नाही. इथं मिळत होतं. पहिल्याच सत्रातून बाहेर पडली तेव्हा तिच्याकडे प्रसन्नचा एक दिवस होता जो तिनं कधी पाहिलाच नव्हता: हेमंतदादाबरोबर कृष्णेत पोहायला शिकणारा अकरा वर्षांचा प्रसन्न, नाकात पाणी गेल्यावर शिव्या देणारा. त्या एका शिवीसाठी ती पुढची आठ सत्रं गेली. शिवीसुद्धा तिसऱ्या सत्रात धुऊन निघाली.

* * *

हर्षदा भेटायला गेली तेव्हा स्मृतिसंगमच्या तंत्रज्ञ मगदूम मॅडम खोलीत बसल्याबसल्या पडद्यावर रेघा बघत होत्या. प्रसन्नच्या रेघा.

"छान जुळलंय तुमचं कुटुंब," त्या म्हणाल्या. "सत्त्याऐंशी टक्के. काही घरं दहा सत्रांतही पन्नाशी ओलांडत नाहीत."

"आणि उरलेले तेरा?"

मगदूम मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "उरलेले तेरा टक्के तुम्हीच आहात. प्रत्येक सत्राला एवढीशी एक रेघ उलटी जाते. मी मागेच हेमंतसरांना म्हटलं होतं, कुणीतरी सहकार्य करत नाहीये."

"माझा भाऊ असा नव्हता."

"सगळे असंच म्हणतात हो पहिली चार-पाच सत्रं."

"मी आता येणंच बंद केलं तर?"

"तर तुमच्याकडे जे उरलंय ते उरेल. विटत विटत. वर चढलेले थर काही आपोआप उतरत नाहीत." मग गिऱ्हाईक हातचं जाईल असं वाटून त्यांनी आवाज मऊ केला. "फेब्रुवारीत त्यांच्या वाढदिवसाला तुमचं दहावं सत्र. त्यानंतर पक्कं करायचं इंजेक्शन असतं. ते दिलं की ती आठवण पुन्हा कधी वितळत नाही. जशी असेल तशी मरेपर्यंत."

"आणि दहाव्यात माझी रेघ जिंकली तर?"

"एकटीची?"

"एकटीची."

मगदूम मॅडमना असा प्रश्न कुणी विचारला नसावा. त्यांनी जरा विचार केला. "जोर असेल तर जिंकू शकते. जोर म्हणजे, मेंदूत हा बदामाएवढा भाग असतो, तो किती खवळलाय त्यावर. तुम्हाला सांगायला नको, तुमचाच विषय. जिंकलेली आठवण सगळ्यांत नव्यानं, ताजी उमटते. तुमच्यातही. म्हणून तर आम्ही सांगतो, सत्राआधी चहा-कॉफी घेऊ नका, जिने चढू नका, भांडू नका. छाती धडधडत असली की त्या माणसाचं वजन उगाच वाढतं आणि बाकीच्यांवर अन्याय होतो."

"समजलं," हर्षदा म्हणाली. तिला हवं ते सगळं समजलं होतं.

पुढचे सहा महिने तिनं परीक्षेला बसावं तशी तयारी केली. प्रसन्न ओढायचा त्या विड्यांचं बंडल आणून उशाशी ठेवलं. ज्या ज्या कार्यालयाच्या ज्या ज्या कोपऱ्यात दोघं बसले होते तिथं जाऊन बसली. एका ठिकाणी कुणाच्या तरी साखरपुड्यात तिला जेवायलाही वाढलं. तिनं कुटुंबातल्या एकेका माणसाची यादी केली आणि प्रत्येकापुढे प्रसन्ननं केलेली त्याची नक्कल लिहिली. कुंदामावशी: जिलबी. हेमंतदादा: "मी दोनच शब्द बोलणार आहे," आणि मग चाळीस मिनिटं. वही भरली तरी आवाज येत नव्हता, फक्त मजकूर येत होता. आवाज त्या थरांखाली होता. त्यासाठी वाढदिवस यायला हवा होता.

तिकडे कुटुंबाच्या ग्रुपवर हेमंतदादाचे संदेश सुरू झाले होते. 'कै. प्रसन्नचे दहावे व अंतिम समस्मरण. सर्वांनी वेळेवर यावे. मन निर्मळ ठेवावे. कृपया कुणीही वैयक्तिक आठवणी आणू नयेत.'

* * *

अठरा फेब्रुवारीला हर्षदानं घरी तीन कप काळी कॉफी घेतली, स्मृतिसंगमच्या दारात रिक्षातून उतरली आणि लिफ्टपाशी उभ्या तिघांना ओलांडून जिन्यानं दोन मजले वर जाऊन परत खाली आली. प्रत्येकाच्या मनगटाला नाडीचे ठोके मोजणारी केंद्राची पट्टी बांधली होती. तिच्या पट्टीवर एकशे चार. पुरेसं नव्हतं. भांडण हवं होतं.

हेमंतदादाशी भांडण्यात अर्थ नव्हता. तो लगेच सभा घ्यायचा. मावशी ऐंशीची. तेवढ्यात पार्किंगमध्ये शीतलवहिनी दिसली, हातात स्टीलचा डबा घेऊन.

शीतल ही प्रसन्नची बायको. इचलकरंजीची, अबोल, सरळ चालणारी, सरळ बघणारी. पंचवीस वर्षं संसार केला, पण हर्षदाच्या मते तिला नवरा कळलाच नव्हता. विनोद झाला की ती तो समजावून मिळेल या आशेनं सगळ्यांकडे बघायची. तिची नक्कल तर प्रसन्नच्या उत्तम नकलांपैकी एक होती.

"या हर्षदाताई," वहिनी म्हणाली. "शेवयाची खीर आणलीय. ह्यांना आवडायची ना."

प्रसन्नला खीर चौथ्या सत्रापासून आवडायला लागली होती.

"त्याला खीर आवडायची नाही, वहिनी. तो तिला लगदा म्हणायचा."

"हो का? मला तर आवडायची असंच आठवतंय."

"तुम्हाला काय आठवणार!" हर्षदानं आवाज चढवला. आधी मुद्दाम चढवला, मग तो आपोआपच चढला. "तुमच्यासमोर तो होता तरी कधी? तुमच्यासमोर तो जेवायचा आणि झोपायचा. बोलायला त्याला माझ्याकडे यावं लागायचं. आणि आला की काय करायचा माहितीय? तुमची नक्कल. 'अहो, अर्धी पोळी वाढू का? अर्धी? बरं, पाव वाढू का?' मान अशी वाकडी करून. दर दिवाळीत. आम्ही गच्चीवर जाऊन हसायचो. पंचवीस वर्षं हसलो तुमच्यावर."

वहिनीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिनं डब्याचं झाकण उगीचच काढलं, लावलं, पुन्हा दाबून बसवलं.

"बरं," ती म्हणाली. आणि वर निघून गेली.

हर्षदानं पट्टी पाहिली. एकशे एकतीस. फार छान. वहिनीच्या पट्टीकडे बघायचं तिला सुचलंच नाही. ती जीवशास्त्र शिकवायची, एका वेळी एकाच बेडकाकडे बघायची सवय.

हॉलमध्ये बारा खुर्च्या गोल मांडल्या होत्या. मध्ये प्रसन्नचा फोटो. त्यात तो हसत होता, कारण फोटो काढणारा मागे पडता पडता वाचला होता. हेमंतदादानं "मी दोनच शब्द" म्हणून सुरुवात केली आणि मगदूम मॅडमनी त्याच्या डोक्यावर टोप ठेवून त्याला थांबवलं. दिवे मंद झाले.

हर्षदानं डोळे मिटले आणि सहा महिन्यांचं सगळं एकदम सोडलं. विडीचा वास, छातीतली धडधड, पार्किंगमधला राग. आधी नेहमीचा तो वाकून नमस्कार करणारा गृहस्थ आला. तिनं त्याला जवळजवळ धक्का देऊन बाजूला केलं. मग त्याच्या मागून, खूप लांबून, घोगरा आवाज आला. "ती नको, ती मऊ पडलीय..." आला! मग हेमंतदादा आला, मग एकेक करून सगळे आले, सगळ्यांच्या माना, खाकरणी, खोटे उसासे, आणि त्या सगळ्यांच्या मध्ये कोपऱ्यातल्या खुर्चीवर तो, ओठ फारसे न हलवता, दुष्ट, हजरजबाबी, तिचा. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. टोपाच्या आत काहीतरी बारीक गुणगुणत होतं. ते इतरांच्या डोक्यांत लिहीत होतं, आणि अर्थातच तिच्याही.

चाळीस मिनिटांनी दिवे लागले.

पहिल्यांदा बोलली कुंदामावशी. तिचा चेहरा वाल सोलताना किडा निघावा तसा झाला होता. "मी... मी तेराव्याला जिलबी अशी मागते?" मग तिनं पदर सारखा केला. "मागितली असेन."

हेमंतदादा उभा राहिला, तोंड उघडलं, आणि काहीही न बोलता खाली बसला. सबंध सांगली-मिरज भागात असं पहिल्यांदाच घडत होतं.

मगदूम मॅडम पडद्याकडे बघत पुटपुटल्या, "मी असं कधी पाहिलं नाही. दोन रेघा एकदम वर गेल्यात. बाकीच्यांच्या साफ पुसल्यात." त्या गोंधळून गेल्या होत्या. "बघा बाई, पक्कं करायचं की थांबायचं? करायचं तर आत्ता, पातळ आहे तोवर. संमतिपत्रावर जवळच्या दोघांच्या सह्या लागतात. बायको आणि बहीण."

"करायचं," हर्षदा म्हणाली. दोन रेघा का, हे तिनं विचारलं नाही. प्रसन्न परत आला होता, आणि या लोकांनी त्याला पुन्हा आंघोळ घालायच्या आत त्याला पक्का करायचा होता. तिनं सही केली आणि पेन वहिनीपुढे धरलं.

शीतलवहिनी तिच्याकडे बघत होती. नेहमीसारखीच, सरळ.

"तुम्हाला नक्की हवंय ना, ताई?"

"हवंय."

"नंतर म्हणाल, वहिनींनी विचारलं नाही."

"करा हो सही!"

वहिनीनं सही केली. मगदूम मॅडम सुया घेऊन गोल फिरल्या. बाराही दंडांवर कापसाचे बोळे आले.

आणि मग हर्षदाला मावशीची जिलबी पुन्हा आठवली, आणि ती हसली. पाच वर्षांनी पहिल्यांदा, मनापासून. हात तोंडावर गेला.

त्या हसण्याबरोबर दुसरी, तिनं कधीच न पाहिलेली आठवण आली, कारण ती या हसण्याचीच होती.

वहिनीचं स्वयंपाकघर. रविवार दुपार. आपण नुकतेच चपला घालून निघालोय. जिन्यावर आपल्याच पावलांचा आवाज येतोय. प्रसन्न ओट्याला टेकून उभा आहे. जिन्यावरचा आवाज थांबल्यावर तो खांदे आत घेतो, गळ्यापाशी नसलेली ओढणी सारखी करतो आणि बारीक आवाजात म्हणतो, "प्रसन्न, मावशीची कर ना रे. एकदाच. माझ्यासाठी." मग तो हसतो. विनोद व्हायच्या आधीच हसतो. हात तोंडावर घेतो, आणि बोटांवरून एक डोळा हळूच सगळीकडे फिरवतो: आपण कुणाशेजारी बसलोय, ते सगळे बघतायत ना? सगळं अचूक. हसून झाल्यावर डोळ्याच्या कडा पुसायची ती करंगळीसुद्धा. आणि शीतलवहिनी, जिला विनोद कळत नाही ती शीतलवहिनी, ओट्यावर डोकं टेकून, पोट धरून हसतेय. "नका हो, पुरे, त्या परत येतील!"

"येणारच," प्रसन्न आपल्या स्वतःच्या आवाजात म्हणतो. "तिला दुसरं आहे कोण?"

आठवण लख्ख होती. फोडणीचा वाससुद्धा होता.

हर्षदानं तोंडावरचा हात काढला. काढला तेव्हा तिला कळलं की बाकीचे अकरा जण तिच्याचकडे बघतायत. तिच्या हाताकडे. कुंदामावशीचे ओठ थरथरत होते. हेमंतदादा छताकडे बघत होता आणि त्याचे खांदे हलत होते. स्वतःची नक्कल झाली की माणूस दुखावतो, पण शेजाऱ्याची त्याहून चांगली झालेली असली की लवकर बराही होतो.

"हे... हे किती वेळा?" तिनं वहिनीला विचारलं.

"दर रविवारी," वहिनी म्हणाली. "तुम्ही गेल्यावर. पंचवीस वर्षं." मग तिनं डबा उघडला. "खीर घेणार का कुणी? लगदा आहे, पण गोड आहे."

* * *

ऑगस्टात पुण्यतिथी आली. आता टोप नव्हता, इंजेक्शन झालेल्यांना तो घालून उपयोग नसतो. नुसतं वहिनीच्या घरी जमायचं होतं. एरवी निम्मी माणसं काही ना काही कारण काढायची. या वर्षी सगळे आले, दोघं तर पुण्याहून आले. सहा महिन्यांत घरात प्रसन्नशिवाय विषय नव्हता. तो परत आला होता, खराखुरा, आणि सगळ्यांना तो भलताच आवडला होता. लोक एकमेकांच्या नकला एकमेकांना सांगत आणि टाळ्या देत. हेमंतदादा हल्ली "मी दोनच शब्द" असं म्हणून स्वतःच थांबायचा आणि हशा घ्यायचा.

हर्षदा मध्ये मगदूम मॅडमकडे जाऊन आली होती. एकच, एवढीशी, पुसता येईल का. मगदूम मॅडम म्हणाल्या, पक्कं म्हणजे पक्कं. शिवाय ती पुसली तर बाकीचाही प्रसन्न जाईल. त्या दोन रेघा आता एकमेकींत विणल्या गेल्यात. हर्षदानं रात्रंदिवस विचार केला. तिला खरा प्रसन्न हवा होता. हा खरा होता. दुसरा नव्हता.

तिनं न येऊन चालणार नव्हतं. तिथं तो असायचा.

जेवणं झाली. पानसुपारी झाली. मंडळी सतरंजीवर रेलली आणि हेमंतदादानं हळूच विषय काढला. "सगळ्यांच्या झाल्या. एकच राहिली."

"नको रे," कुणीतरी म्हणालं, आणि सरकून नीट बसलं.

"अरे, कोण करणार? आपल्याला ती जमत नाही. बाईचा आवाज लागतो."

"वहिनींना येते."

"मला नाही बाई येत," वहिनी म्हणाली. "मी नुसती बघायची." आणि तिनं हर्षदाकडे पाहिलं. त्यात राग नव्हता, दया नव्हती. पुढचं वाढायचं आहे का, असं पाहिलं. "ताईंना येईल. त्यांना आतून-बाहेरून दोन्हीकडून आठवत असणार."

हर्षदानं एकेकाकडे पाहिलं. यांतल्या प्रत्येकाच्या डोक्यात तो आत्ता ओट्याला टेकून उभा होता, सुरू व्हायची वाट बघत. ती उठून निघून गेली असती तर तो तिच्यावाचून सुरू झाला असता.

तिनं खांदे आत घेतले. नसलेली ओढणी सारखी केली.

"प्रसन्न," ती बारीक आवाजात म्हणाली, "मावशीची कर ना रे. एकदाच. माझ्यासाठी."

आणि वेळेच्या आधी हसली, तोंडावर हात घेतला, बोटांवरून डोळा फिरवला. हशा झाला. पण मनासारखा नाही. पाहुण्याच्या मुलीनं गाणं म्हटल्यावर होतात तशा दोन टाळ्या पडल्या.

कुंदामावशीनं जीभ टाळूला लावून च्च केलं.

"तशी नव्हे गं," ती म्हणाली, मायेनं, शिकवण्याच्या सुरात. "तो जरा जास्त लाचार करायचा. बघ ना, आठव."

हर्षदानं डोळे मिटून नीट आठवलं. मग पुन्हा केली.

या वेळी जमली.